राग, रडू आणि वैताग: लहान मुलांसोबत चित्रपुस्तकं वाचायला सुरुवात कशी करावी

ठोकळ्यांचा मनोरा सहाव्या मजल्यावर कोसळतो आणि साडेतीन वर्षांचं मूल फरशीवर लोळण घेतं. सँडलचा पट्टा अडकत नाही म्हणून सँडल भिंतीवर जाऊन आपटते. पोळीचा तुकडा आपण तोडून दिला, तो तिला स्वतःला तोडायचा होता, म्हणून भोकाड. अशा घरांतले आईबाबा पुस्तकांच्या दुकानात येऊन विचारतात, "रागावर काही चांगलं पुस्तक आहे का?"

आहेत की, भरपूर आहेत. पण होतं काय, की पुस्तक घरी येतं, पुढचा थयथयाट सुरू झाला की लगेच उघडलं जातं, आणि मूल ते उचलून फेकतं. मग "आमच्याकडे नाही चाललं बुवा" म्हणून ते फडताळात जातं. चांगल्या पुस्तकाची चुकीच्या वेळी लावलेली ही वाट आहे.

दीड ते आठ वर्षांच्या मुलांचे आईबाबा, आजीआजोबा, पाळणाघर चालवणाऱ्या ताई, यांपैकी ज्यांनी चित्रपुस्तक मुलाला मांडीवर घेऊन फारसं वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वाचून दाखवण्यासाठी आवाज गोड असावा लागत नाही, नाटकात काम केलेलं असावं लागत नाही. थोडा वेळ आणि बऱ्यापैकी सहनशक्ती लागते, कारण एकच पुस्तक तुम्हाला पाठ होईपर्यंत वाचावं लागणार आहे.

पहिली पायरी: वेळ ठरवा

मूल रडत, ओरडत, आदळआपट करत असताना पुस्तक काढायचं नाही. त्या वेळी जवळ बसा, हात धरू दिला तर धरा, कुणाला लागणार नाही एवढं बघा. आपल्या भावनांना लगाम घालणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो, आणि तो पुरता घडायला माणसाला विशी उलटून जावी लागते. तीन वर्षांच्या मुलाकडे तो लगाम अजून धड हातात आलेलाच नसतो. राग टिपेला पोहोचलेला असताना त्याला गोष्ट ऐकू येत नाही, तुमचा समजावणीचा स्वरही ऐकू येत नाही.

पुस्तकाची वेळ म्हणजे सगळे शांत असतानाची. दुपारचं जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी, पावसामुळे बाहेर जाता येत नाही अशा संध्याकाळी. आग लागल्यावर काय करायचं ते शाळेत ऊन पडलेलं असताना, रांगा लावून शिकवतात, तसंच हे.

आणखी एक पथ्य. काल मुलाने घर डोक्यावर घेतलं म्हणून आज मुद्दाम ते पुस्तक काढून "बघ, काल तूपण असंच केलंस ना?" असं म्हणायचं नाही. मुलं हुशार असतात. पुस्तक म्हणजे गोड शब्दांतला ओरडा आहे हे त्यांना एकदा कळलं, की ती परत त्या पुस्तकाला हात लावत नाहीत.

दुसरी पायरी: पुस्तक निवडताना काय बघायचं

मुखपृष्ठावर "भावनांची ओळख" वगैरे लिहिलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नका. पुस्तक उघडून उभ्याउभ्याच वाचा. चित्रपुस्तक साधारण बत्तीस पानांचं असतं, पाच मिनिटांत होतं.

सगळ्यात आधी शेवटचं पान बघायचं. तिथे "म्हणून शहाणी मुलं कधी रागवत नाहीत" या धाटणीचं वाक्य असेल, तर पुस्तक सरळ परत ठेवून द्या. माझं यावर ठाम मत आहे. रागावणं हाच गुन्हा आहे असं सांगणारं पुस्तक मुलाला राग लपवायला शिकवतं. चांगल्या पुस्तकात राग येतो, खूप येतो, आणि तो आला म्हणून पात्र वाईट ठरत नाही.

मग बघायचं, की गुंता सोडवतो कोण. शेवटी आई, बाबा किंवा एखादं सर्वज्ञ घुबड येऊन उपाय सांगत असेल तर गोष्ट फसलीच म्हणायची. पात्राला स्वतःला काहीतरी सुचलं पाहिजे, मग ते नुसतं चालायला जाणं असो नाहीतर झाडावर चढून बसणं. मोठ्यांनी असावं, पण मागे असावं.

तिसरं, मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं बघा. पात्राला काय वाटतंय ते कळतंय का? खांदे, भुवया, मुठी, पात्र पानावर केवढं काढलंय, कुठल्या कोपऱ्यात काढलंय, यातूनच वाचता न येणारं मूल गोष्ट वाचत असतं. सगळ्या पानांवर एकच गोंडस हसू असलेलं पुस्तक या कामाचं नाही.

दीड-दोन वर्षांच्या बाळांना एवढं काही लागत नाही. जाड पुठ्ठ्याच्या पानांवर हसरे, रडके, रागावलेले चेहरे असले की पुरे. गोष्ट, म्हणजे आधी असं झालं आणि मग तसं झालं, ही तिसऱ्या वर्षानंतरची मजा.

चार पुस्तकं, जरा जवळून

मॉरिस सेंडाक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' १९६३ साली अमेरिकेत आलं. लांडग्याचा पोशाख घालून धुडगूस घालणाऱ्या मॅक्सला आई जेवण न देता खोलीत पाठवते. त्याच्या खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून राक्षसांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो. राग वाढत जातो तशी चित्रं मोठी होत जातात. आधी पानावर भरपूर पांढरी मोकळी जागा, मग चित्र पान व्यापतं, आणि राक्षसांच्या दंग्याच्या वेळी सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. या पानांवर तुम्हीही गप्प बसायचं. मुलं इथे स्वतः आवाज काढतात, उड्या मारतात; मारू द्या. मॅक्स घरी येतो तेव्हा जेवण खोलीत वाट बघत असतं, आणि ते गरम असतं. तेव्हा आई काही बोलत नाही, चित्रांत तर ती कुठेच दिसत नाही. "राग आला तरी घर तिथेच आहे" हे एवढ्या थोडक्यात सांगणारं दुसरं पुस्तक माझ्या माहितीत नाही.

वैतागासाठी, म्हणजे मनात आहे तसं हातून होत नाही या त्रासासाठी, अ‍ॅशली स्पायर्स यांचं 'द मोस्ट मॅग्निफिसंट थिंग' (२०१४) घ्या. एका मुलीला एक झकास वस्तू बनवायची असते. मदतीला तिचा कुत्रा. ती ठोकते, जोडते, करवतीने कापते, आणि दर वेळी भलतंच काहीतरी तयार होतं. चुकत चुकत ती इतकी चिडते, की घाईत बोट चेमटतं आणि तिचा स्फोट होतो. हे पान उलटण्याआधी थांबा. जवळजवळ प्रत्येक मूल इथे आपलं बोट बघतं किंवा तुमच्याकडे बघतं. ती म्हणते, बस, सोडलं. मग कुत्र्यासोबत फिरायला जाते, आणि चालता चालता राग थोडा थोडा करून उतरतो. परत येते तेव्हा टाकून दिलेल्या वस्तूंची रांग पडलेली असते. त्या रांगेतून जाताना तिच्या लक्षात येतं, की यातलं सगळंच चुकलेलं नाही. याचं चाक बरोबर आहे, त्याचा आकार बरोबर आहे. शेवटी जी वस्तू तयार होते ती डावीकडे जराशी कलते, वाटलं होतं त्याहून जड होते, रंगही अजून हवा तसा नसतो. मला या पुस्तकातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. "प्रयत्नांती परमेश्वर" म्हणून चकचकीत यश न देता ते कललेली गाडी देतं. चित्रकलेची वही चुरगाळून फेकणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे पुस्तक नेमकं लागतं.

कोरी डोअरफेल्ड यांच्या 'द रॅबिट लिसन्ड' (२०१८) मध्ये टेलर नावाचं मूल ठोकळ्यांचं काहीतरी भव्य बांधतं आणि पक्ष्यांचा थवा येऊन ते पाडून टाकतो. मग एकेक प्राणी येतो. कोंबडी म्हणते बोलूया, अस्वल म्हणतं ओरडूया, हत्ती म्हणतो ते कसं होतं ते नीट आठवूया, तरस हसण्यावारी नेतं, शहामृग लपून बसायला सांगतं, कांगारू सगळं गोळा करून फेकायला निघतं, साप दुसऱ्याचं पाडायला सुचवतो. आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीच्या खोलीत हे सगळे प्राणी सापडतील. आमच्या घरचं कांगारू कोण, हे सांगायची गरज नाही. शेवटी ससा येतो, काही न बोलता हळूहळू जवळ सरकतो, आणि टेलर आपणहून बोलू लागतं. हे पुस्तक खरं म्हणजे मोठ्यांनी आधी एकट्याने वाचावं.

मॉली बँग यांचं सोफीच्या रागाचं पुस्तक (१९९९) लाल आणि भगव्या रंगांनी पेटलेलं आहे. सोफीची बहीण खेळण्यातला गोरिला ओढून घेते, आई म्हणते आता तिची पाळी, आणि सोफी पळत सुटते, रडते, मोठ्या झाडावर चढून समुद्राकडे बघत बसते. घरी येते तेव्हा सगळे तिला बघून खूश. कुणी "सॉरी म्हण" म्हणत नाही. भावंडं असलेल्या घरात हे वाचाच.

ही पुस्तकं इंग्रजी आहेत म्हणून अडू नका. चित्रं दाखवत गोष्ट मराठीत सांगा, छापलेलं वाक्य न् वाक्य वाचलं पाहिजे असा कायदा नाही. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आजीआजोबांना तर हे फारच सोयीचं: पुस्तक तिकडच्या सार्वजनिक वाचनालयात मिळतं, गोष्ट आजीच्या मराठीत होते.

मराठीत काय आणि कुठे

मराठी चित्रपुस्तकांचं नाव काढलं की पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन आणि माधुरी पुरंदरे ही नावं आधी येतात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. 'राधाचं घर' हा त्यांचा संच "राग कसा आवरावा" असल्या विषयावरचा मुळीच नाही. पण त्यात घर आहे, घरातली माणसं आहेत, त्यांच्या सवयी आहेत, आणि मुलाची त्या सगळ्यांकडे बघायची नजर आहे. अशी पुस्तकं आधी वाचून झाली असली की मूल पात्रांच्या मनाबद्दल बोलायला सरावतं. मला तर वाटतं, भावनांवर बेतून लिहिलेल्या पुस्तकांपेक्षा अशी साधी, घरगुती पुस्तकं जास्त उपयोगी पडतात.

पैसे खर्च न करता सुरुवात करायची असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. २०१५ पासून ते चालू आहे, मराठीत पुष्कळ गोष्टी आहेत, आणि त्यांचा परवाना खुला असल्यामुळे उतरवून, छापून वापरता येतात. तिथे वाचनाच्या पातळ्या दिलेल्या असतात. पहिल्या पातळीपासून सुरू करा. मोबाइलवरच दाखवायची असेल तर निदान सूचनांचे आवाज बंद ठेवा, नाहीतर गोष्टीतलं माकड रुसायला आणि तुमचा सोसायटीचा ग्रुप खणखणायला एकच गाठ पडते. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाची चित्रपुस्तकं मराठीतही निघतात, आणि नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं खिशाला परवडणारी.

आणि काहीच हाताशी नसेल तेव्हा चिऊकाऊ आहेतच. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलेलं, तो दाराबाहेर भिजतोय, आणि चिऊताई आतून सांगतेय, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, तीट लावते. थांब, झोपवते. मुलांना दिवसभर मोठ्यांकडून जे "थांब, थांब" ऐकावं लागतं त्याची इतकी जुनी आणि इतकी खरी गोष्ट दुसरी नसेल. पुढच्या वेळी सांगाल तेव्हा मध्येच विचारा, "काऊला आता काय वाटत असेल?" उत्तर ऐकून जपून राहा, कारण ते बहुधा तुमच्याबद्दल असेल.

तिसरी पायरी: वाचायचं कसं

पहिल्यांदा वाचताना काही विचारू नका. गोष्ट गोष्टीसारखी होऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून थांबायला सुरुवात करा, तेही एका बैठकीत दोन-तीन ठिकाणीच. दर पानावर प्रश्न आला की त्याची तोंडी परीक्षा होते.

प्रश्न कसे विचारावेत यावर थोडं काम झालेलं आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना शिकवलं, की "हे काय आहे, ते कुठे आहे" याच्या पुढचे, मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा. महिन्याभरात त्या मुलांची भाषा नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्या घरात ते साधारण असं दिसतं:

"आजी, ही पडली."
"हो गं, पडली. आणि तोंड कसं झालंय बघ तिचं."
"रागावली."
"रागावलीय. कशावर रागावली असेल?"
"चाकावर. चाक शहाणंच नाहीये."
"चाक ऐकतच नाहीये तिचं, म्हणून वैतागलीय. आता काय करेल?"
"लाथ मारेल."

इथे आजीने "छे, लाथ मारायची नसते" म्हटलं, की संभाषण संपलं. "मारेल कदाचित. बघूया हं," म्हणून पान उलटायचं. गोष्टीतल्या पात्राला काहीही करायची मुभा असते, म्हणूनच मूल मनातलं बोलतं. "तुला कधी असा राग येतो का?" हा प्रश्नही राखून ठेवा. मूल स्वतःहून "मलापण" म्हणेल तेव्हा तुमचं निम्मं काम झालं, आणि ते कधीच म्हणालं नाही तरी काही बिघडत नाही.

वाचताना भावनांचे शब्द सढळ हाताने वापरा. सगळ्याला "राग" किंवा "सॅड" म्हणण्यात काय मजा? मनोरा पडला की खट्टू होतो, मित्राने घेतलं नाही की हिरमुसतो, भावाला मोठा लाडू मिळाला की धुसफुसतो, जमत नाही की वैतागतो, सगळ्यांसमोर चूक झाली की खजील होतो, आणि बाबांनी बोलणं ऐकलं नाही की रुसून बसतो. भावनेला नाव दिल्याने ती जराशी उतरते, हे मोठ्या माणसांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. कॅलिफोर्नियात मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली मेंदूची छायाचित्रं घेत हे तपासलं होतं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी झाली. लहान मुलांत ते तंतोतंत तसंच होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलाकडे शब्द असतो त्याला चावून सांगावं लागत नाही, हे कुठल्याही बालवाडीच्या ताई सांगतील.

चौथी पायरी: पुस्तकातलं घरात

पुस्तक अंगवळणी पडल्यावर ते थयथयाटाच्या जरा आधी किंवा बऱ्याच नंतर कामी येतं. भुवया आकसायला लागल्या, आवाज चढायला लागला, की "आपणही कुत्र्याला घेऊन एक चक्कर मारायची का?" एवढंच म्हणा. कुत्रा नसला तरी चालतो. एखादा मुलगा ताडकन "नको!" म्हणेल, एखादी चपला शोधायला लागेल. "नको" आलं की पाठपुरावा करू नका. पुस्तकातलं वाक्य हुकमासारखं वापरलं की दोनतीन दिवसांत ते मरतं.

स्वतःसाठीही वापरा. पोळी करपली, नेट बंद पडलं, तर मुलाला ऐकू जाईल असं म्हणा, "मी आता अस्वलासारखी ओरडणार आहे. थांब, आधी पाणी पिते." याचा परिणाम पुस्तकाहून मोठा होतो, असं माझं निरीक्षण आहे.

सगळंच पुस्तकाने होत नाही, हेही ध्यानात ठेवा. एक ते चार वर्षांच्या मुलांचा थयथयाट नेहमीचा असतो. पण मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला वारंवार इजा करत असेल, पाच वर्षांनंतरही असे प्रसंग रोजचेच असतील, बोलणं किंवा झोप बिघडली असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कान दुखणारं, ऐकू कमी येणारं मूलही चिडचिडं होतं आणि त्यावर गोष्टीचा उपाय नसतो.

पाचवी पायरी: स्वतःचं पुस्तक

चार कोरे ए-फोर कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर स्टेपलरच्या दोन पिना मारा. सोळा पानांचं पुस्तक तयार. पिनांची टोकं बाहेरच्या बाजूने सेलोटेपने झाका, नाहीतर बोटांना लागतात.

विषय मुलाच्याच आठवड्यातला घ्या, पण अगदी ताजा नको. तीन-चार दिवस शिळा झालेला बरा. समजा सायकलचं चाक चिखलात रुतलं होतं. चित्र मूल काढेल, वाक्य ते सांगेल तसंच तुम्ही लिहायचं, "सायकल वेडी झाली" तर "सायकल वेडी झाली". दुरुस्ती नको, आणि शेवटी तात्पर्य तर नकोच नको. काढता येत नसेल तर रंगाचे फराटे चालतात. रागाच्या पानावर काळ्या खडूने कागद फाटेपर्यंत गिरमिटलं तर ते पान बरोबर जमलं. पात्राला मुलाचं नाव द्यायचं की उंदराचं, हे मुलाला ठरवू द्या. बहुतेक जण उंदीर निवडतात, आणि मग त्या उंदराच्या नावावर काय काय खपवतात ते ऐकण्यासारखं असतं.

शेवट सुचत नसेल तर दोन पानं कोरी सोडा. पुस्तक इतर पुस्तकांच्या शेजारी, मुलाचा हात पोहोचेल अशा खालच्या फळीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल असं ठेवा. ती पानं पुढे कधीतरी भरली जातील, किंवा मूल तिथे भलतीच गोष्ट सुरू करेल. तेव्हा नवे चार कागद दुमडायचे.